अनुमोदक

मंत्री आले त्या दिवशी माझ्या हातातलं औक्षणाचं ताट काढून घेतलं. आणि मला नाचायला लावलं.

तालुक्याच्या पंचायत समितीची नवी इमारत बांधून झाली होती. तिचं उद्घाटन. मी समितीची सदस्य. आमच्यात बायका दोनच. एक अक्का, सभापती नानांची थोरली भावजय. दुसरी मी. निमंत्रणपत्रिकेत छापलं होतं की महिला सदस्या पाहुण्यांचं औक्षण करतील. मी पहिल्या एस्टीने आले. नवं लुगडं नेसून आले. अक्कांनी ताट लावलं होतं, त्यांना मंडपात कोणी हाक मारली म्हणून ते माझ्या हातात देऊन त्या गेल्या. तेवढ्यात नाना आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ताटाकडे पाहिलं.

"हे अक्कांकडे द्या. तुमच्यात हे नसतं ना."

मी काही बोलायच्या आत त्यांच्या माणसाने ताट घेतलं. निरांजन विझलं. त्याने ते पुन्हा पेटवलं, आणि ताटाची कड धोतराला पुसली. जिथे माझी बोटं होती, तिथे.

आमच्यात काय असतं आणि काय नसतं, हे नानांना कधी कळलं कोण जाणे. आम्ही तडवी. सातपुड्याच्या पायथ्याचे भिल्ल. नमाज पढतो, आणि लग्नात हळदही लावतो. गावात कोणी आम्हाला विचारलं तर आम्ही सांगू. विचारत कोणी नाही. सांगतातच सगळे.

मी मंडपाच्या कडेला जाऊन उभी राहिले. तिथे वरच्या पाड्यांवरच्या पावरा जमातीच्या बायका बसवल्या होत्या. नाचासाठी ट्रकमध्ये घालून आणलेल्या. सकाळपासून उन्हात. पाण्याचा पिंप मंडपाच्या आत होता, आणि आत जायचं नाही असं त्यांना सांगितलं होतं. मी एका बाईला आतून पाणी आणून देत होते, तेव्हा बीडीओ साहेब घाईघाईने आले.

"बाई, तुम्ही पण यांच्यात उभ्या राहा. आदिवासी सदस्या स्वतः नाचतेय, फोटो चांगला येईल."

"साहेब, आम्ही तडवी. हा नाच आमचा नाही. मला येत नाही."

"पाय हलवा नुसते. कोण बघतंय."

सगळा तालुका बघत होता.

मी नाचले. हे लिहायला मला पंधरा ओळी लागल्या असत्या, पण तेवढंच आहे. ढोल वाजला आणि मी नाचले. माझ्या डाव्या बाजूच्या पोरीने माझ्या कमरेत हात घातला. तिला कळलं की मला पाऊल येत नाही. तिने स्वतःचं पाऊल हळू केलं. तिने माझ्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नाही. त्या दिवशी माझी लाज राखली ती तेवढ्या एका पोरीने.

नाच संपल्यावर मंत्री जवळ आले. गळ्यात हार, हाराला चिकटलेल्या माश्या. त्यांनी विचारलं, "या कोण?" मी लुगड्यावरून वेगळी दिसत असणार.

नाना म्हणाले, "आमच्या सदस्या, साहेब. आदिवासी पण आणि मुसलमान पण. एकाच खुर्चीत दोन्ही बसवले."

मंत्री हसले. बीडीओ हसले. मागचे हसले. आणि मी पण हसले. हात जोडून हसले.

त्यांच्या हसण्याचं मला काही वाटत नाही. माझ्या हसण्याची मला अजून किळस येते. इमारतीच्या मागे चुन्याचा ढीग होता. तिथे जाऊन मी ओकले. तोंड धुतलं. आणि परत येऊन भाषणं संपेपर्यंत मागच्या रांगेत बसले.

मी सदस्य कशी झाले ते सांगते.

आमच्या गावात सातवी पास झालेली मी पहिली बाई. शाळा चौथीपर्यंतच होती. पुढची तीन वर्षं मी रोज खालच्या गावाला पायी गेले. बाप म्हणायचा, हिला एवढं शिकवून मी हिच्यासाठी नवरा कुठून आणू. पण शाळा बंद केली नाही त्याने. लग्न गावातच झालं. नवरा जंगलात लाकूडतोडीच्या कामावर. गावातली पत्रं मी वाचायची, अर्ज मी लिहायचे. तेवढंच माझं नाव.

समितीत एक बाई घ्यावी लागते असा नियम होता. एक अक्का होत्याच. पण त्या वर्षी वरून कोणीतरी विचारलं की डोंगराकडचं कोणी नाही का. म्हणून नाना जीप घेऊन आमच्या गावात आले. आम्ही अंगणात बाज टाकली. माझ्या मायने पाण्याचा तांब्या आणला. नानांनी तांब्याला हात लावला नाही. तांब्या त्यांच्या पायाशी ठेवला होता, बोलणं संपेपर्यंत तसाच होता. ते माझ्या नवऱ्याशी बोलले.

"हिला सही येते ना?"

"सातवी शिकेल शे," नवरा म्हणाला.

"एवढी कशाला. सही आली की झालं. बोलायचं काम नाही, बसायचं काम आहे."

आम्हाला मोठा मान वाटला. खरंच वाटला. गावाने गूळ वाटला. मी खोटं कशाला सांगू.

मग तीन वर्षं मी बसले. सभेत मोठं टेबल, त्याभोवती खुर्च्या. माझी खुर्ची दारापाशी, दप्तराच्या कपाटाला लागून. कपाट उघडायचं असलं की मी उठायचं. एका सभेत दहा वेळा उठायचे. कोपऱ्यात थुंकायचा डबा असायचा, तो माझ्या पायाजवळ. बोलता बोलता माणसं उठायची, माझ्या अंगावरून वाकायची आणि पिचकारी मारायची. कधी लुगड्याच्या काठावर उडायचं. कोणाच्या लक्षात यायचं नाही. सभा संपली की कारकून वही घेऊन यायचा आणि एका जागी बोट ठेवायचा. "इथे, बाई." मी सही करायची. वर काय लिहिलंय ते वाचायला लागले की तो पान हलवायचा. "रोजचंच आहे. एस्टी चुकेल तुमची." एस्टी खरंच चुकायची. मी सही करून निघायचे.

एकदाच बोलले. आमच्या शाळेचा दुसरा मास्तर निघून गेला होता, नवा आला नव्हता. मी उभी राहिले आणि तेवढं सांगितलं. नाना म्हणाले, "हा विषय पत्रिकेवर नाही." मी बसले. लढाईचं साल होतं ते. टेबलाच्या पलीकडून एक जण म्हणाला, "बाई, घरी रेडिओ कुठला लावता? कराची लागतं का तुमच्या डोंगरावर?"

आमच्या घरी रेडिओ नव्हता. सगळे हसले. मी तेव्हाही हसले. मला वाटायचं, हसलं की ते मला आपलं समजतील. तीन वर्षं मी असंच समजत होते. मूर्ख होते असं नाही. मला दुसरं काही दिसत नव्हतं.

मंत्री येऊन गेल्यावर पंधरा एक दिवसांनी कोतवाल गावात आला. चावडीच्या भिंतीवर एक कागद डकवून गेला. मी शेतातून येत होते. माझी माय चावडीसमोर उभी होती, तिच्याबरोबर आणखी पंधरा-वीस माणसं. मला पाहून सगळ्यांनी वाट दिली. वाचणारी आली म्हणून.

"काय लिखेल शे, वाच ना माय," रहेमाबाई म्हणाली. म्हातारी, आमच्या शेजारची.

मी मोठ्याने वाचायला लागले. गावाच्या वरच्या अंगाला, जंगलाच्या हद्दीला लागून पडीक सरकारी जमीन आहे. आमच्या गावची अकरा घरं ती कसतात. माझ्या आजाने तिथले दगड काढले होते. तिथे ज्वारी होते, थोडी तूर होते. कागदात लिहिलं होतं की ही जमीन ओसाड असून तिच्यावर कोणाचीही वहिवाट नाही. ती फळबाग सहकारी संस्थेला द्यावी अशी पंचायत समितीने एकमताने शिफारस केली आहे. संस्थेचा चेअरमन नानांचा मुलगा, हे कागदात नव्हतं. ते सगळ्यांना माहीत होतं. कोणाची हरकत असेल तर एका महिन्यात कळवावी.

मी वाचत गेले. सूचक म्हणून एकाचं नाव होतं. त्याच्या खाली अनुमोदक. मी तेही वाचलं, कारण जिभेला थांबायला वेळ मिळाला नाही.

अनुमोदक माझं नाव होतं. बापाच्या नावासकट, नवऱ्याच्या नावासकट.

 कोंबड्यांचा आवाज येत होता. मग रहेमाबाईने विचारलं, "अनुमोदक म्हंजे काय?"

मी सांगितलं. ज्याने म्हटलं की हे बरोबर आहे, तो.

"तुले माहीत व्हतं का?"

"नाही."

"मग सही?"

"सही माझी आहे."

माझी माय कागदाजवळ गेली. तिला वाचता येत नव्हतं. तिने माझ्या नावाच्या जागी बोट ठेवलं, अंदाजाने, चुकीच्या ओळीवर. "मनी जवार उभी शे तठे," ती म्हणाली. "कोनीच नही कसं लिखं तू?"

लिहिलं तू. मायने तसंच म्हटलं. मी ते नाकारलं नाही. काय नाकारणार.

त्या दिवशी मला माझ्या उजव्या हाताची घाण वाटली. मी तो मातीने घासला. मग भाकरी थापायला बसले तर पिठात हात घालवेना. नवरा म्हणाला, "काय व्हयनं?" मी पीठ पुढे ओढलं. त्याच हाताने भाकरी केल्या. दुसरा हात कुठून आणणार होते.

दुसऱ्या दिवशी जळगावला गेले. स्टेशनजवळ पुस्तकांचं दुकान. मालक मारवाडी, वयस्क. मी म्हटलं, पंचायत समितीच्या कायद्याचं मराठी पुस्तक द्या. तो म्हणाला, "साहेबांनी मागवलंय का?" मी म्हटलं, मलाच पाहिजे. त्याने चष्म्यावरून पाहिलं आणि पुस्तक काढून दिलं. मग म्हणाला, "समजलं नाही तर वकिलाकडे जा. पण आधी स्वतः वाचा." असं मला कोणी सांगितलं नव्हतं. परतीच्या एस्टीत मी वाचायला लागले. अवघड होतं. एक वाक्य तीन-तीन वेळा वाचत होते. पण एक कळलं. सदस्याला समितीचं दप्तर बघायचा अधिकार आहे.

सभेच्या चार दिवस आधी मी कचेरीत गेले. कारकुनाला म्हटलं, इतिवृत्ताची वही दाखवा.

"नानांना विचारावं लागेल."

"विचारावं लागत नाही." मी पुस्तकाचं पान उघडून त्याच्यापुढे ठेवलं.

त्याने पानाकडे पाहिलं नाही. कामाला लागला. मी त्याच्या टेबलासमोर बाकावर बसले. सकाळी अकरापासून. तो जेवायला गेला, आला. मी बसलेलीच. बसायचं काम त्यांनीच मला शिकवलं होतं. चारच्या सुमाराला बीडीओ साहेब बाहेर आले, त्यांनी मला पाहिलं, पुस्तक पाहिलं, आणि कारकुनाला म्हणाले, "दाखव रे. वाचून काय करणार आहे."

मी वाचलं. तीन वर्षांचं वाचलं. मी कधीच गप्प नव्हते. वहीत मी सारखी बोलत होते. आमच्या शाळेला दुसऱ्या मास्तराची गरज नाही, या ठरावाला मी अनुमोदन दिलं होतं. ज्या सभेत मी मास्तर मागितला, त्याच सभेत. आमच्या गावासाठी मंजूर झालेली विहीर खाली नानांच्या मळ्याच्या रस्त्यावर घ्यावी, यालाही माझं अनुमोदन. डोंगराकडच्या माणसांच्या तोंडचं जे जे काढून घेतलं होतं, त्या प्रत्येकाखाली माझं नाव होतं. इतर ठरावांना मी नव्हते. फक्त त्यांना होते. मला वाटत होतं की त्यांनी मला शोभेला बसवलं. शोभेला नव्हतं. त्यांनी मला हत्यार म्हणून वापरलं. हरकत कोण घेणार? तुमचीच बाई म्हणते की बरोबर आहे.

सगळ्यात जास्त शिसारी कशाची आली सांगते. वही नीटनेटकी होती. अक्षर सुंदर होतं. कुठेही खाडाखोड नव्हती.

सभेच्या दिवशी मी लवकर गेले आणि टेबलाशी बसले. नाना आले, त्यांनी पाहिलं. "बाई, तुमची जागा तिकडे."

"इथे बरं आहे, नाना."

त्यांनी वाद घातला नाही. पहिला विषय नेहमीचा, मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करणे. कारकुनाने भराभर वाचलं. "कायम," नाना म्हणाले, आणि दुसरा विषय पुकारणार तोच मी उभी राहिले.  टेबलाला धरलं.

"माझा विरोध आहे. जमिनीच्या ठरावाला मी अनुमोदन दिलेलं नाही. मी त्या सभेत एक शब्द बोललेले नाही. आणि त्या जमिनीवर वहिवाट आहे. माझ्या आईची आहे."

नाना शांतपणे म्हणाले, "बाई, सही तुमची आहे ना?"

"सही माझी आहे. अनुमोदन माझं नाही."

"तुम्हाला हे कळत नाही. बसा."

"मला वाचता येतं, नाना. तुम्ही फक्त सहीचं विचारलं होतं."

पलीकडून तोच कराचीवाला माणूस म्हणाला, "यांना कोणी शिकवून पाठवलंय. तिकडून."

तिकडून म्हणजे कुठून हे मला कळलं. या वेळी मी हसले नाही. मी त्याच्याकडे वळले. "तिकडून म्हणजे डोंगराकडून. तुम्ही कधी आलेला नाहीत. आमचे आजे-पणजे तिथे आहेत, तुमचा मळा झाला त्याच्या आधीपासून."

 नानांनी मत घ्यायला सांगितलं. इतिवृत्त कायम करायला सगळे हात वर गेले. मी अक्कांकडे पाहिलं. त्यांचाही हात वर गेला. विरोधात एक. मी.

"झालं समाधान?" नाना म्हणाले. "पुढचा विषय."

"माझा विरोध वहीत लिहा. कारणासकट."

कारकून नानांकडे बघत राहिला. मी खाली बसले नाही. पुस्तकातलं कलम वाचायला लागले, अडखळत, एकेक शब्द. बीडीओ साहेबांनी घड्याळ पाहिलं. त्यांना त्यांची नोकरी होती. ते म्हणाले, "लिही रे. सदस्याचा हक्क आहे." मी सांगत गेले, तो लिहीत गेला. त्याने मध्ये दोन वाक्यं गाळली. मी वही मागून वाचली आणि ती दोन वाक्यं लिहून घेतली. त्या पानावर पहिल्यांदा खाडाखोड झाली. मग मी सही केली.

बाहेर अक्का भेटल्या. टांग्याची वाट बघत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तू बरोबर बोललीस."

"मग हात कशाला वर केला, अक्का?"

"मला घरी जायचं असतं गं माय."

मला त्यांची कीव आली नाही. रागही आला नाही. मी एस्टीकडे चालू लागले.

त्याच्या पुढचं थोडक्यात. अकरा घरांचा हरकतीचा अर्ज मी लिहिला, त्याला वहीतल्या विरोधाची नक्कल जोडली. चौकशी लागली. तहसीलचा माणूस येऊन पंचनामा करून गेला, ज्वारी उभी होती ती त्याने लिहून नेली. दीड वर्ष कागद फिरला. शेवटी चार घरांची जमीन राहिली, सातांची गेली. माझ्या मायची गेली. ट्रॅक्टर आला तेव्हा ती बांधावर बसून होती. नंतर ती त्याच बागेत रोजाने जाऊ लागली. आपल्याच बापाने काढलेल्या दगडांच्या पलीकडे. मी तिला जाऊ नको म्हटलं. ती म्हणाली, "मंग खावाले तू देशी का?" 

नवऱ्याचं जंगलातलं काम बंद झालं. कोणी बंद केलं ते कोणी सांगितलं नाही. तो माझ्याशी आठ दिवस बोलला नाही. नवव्या दिवशी म्हणाला, "तुले कोनी सांगेल व्हतं बोलाले?" मी म्हटलं, कोणी नाही. तो म्हणाला, "कोनी सांगेल नव्हतं तेच बरं." मग कामाच्या शोधात वरणगावकडे निघून गेला.

निवडणुका आल्या. समितीत मला पुन्हा घेतलं नाही, ते ठरलेलंच होतं. मी जिल्हा परिषदेला उभी राहायचं ठरवलं, तेव्हा नानांनी अक्कांना पाठवलं. अक्का म्हणाल्या, "नाना म्हणतात, झालं गेलं विसरा. उद्या घरी जेवायला या. पंगतीत बसायचं. तुझ्या नवऱ्याचं काम परत होईल. अर्ज भरू नको."

नानांच्या घरात आमच्यातलं कोणी कधी ओट्याच्या पुढे गेलेलं नव्हतं. मला हसू आलं नाही.  इतकी वर्षं आमच्या हातचं पाणी चाललं नाही, आणि आता ताट वाढायला निघाले. मी अक्कांना म्हटलं, "नानांना सांगा, मी जेवून घेते माझ्या घरी."

अर्ज भरायला तालुक्याला गेले. बरोबर रहेमाबाई आणि चार बाया. खिडकीतल्या माणसाने फॉर्म भरायला घेतला. नाव, गाव, वय. व्यवसायाच्या जागी त्याने न विचारता 'घरकाम' लिहिलं. मी फॉर्म मागून घेतला. ते खोडलं. त्याच्यावर लिहिलं, राजकारण.

तो म्हणाला, "बाई, असा व्यवसाय नसतो."

"तुमच्या साहेबांना विचारा, ते कशावर जगतात."

त्या वेळी मी पडले. वाईट पडले. आमच्याच काही घरांनी मला मतं दिली नाहीत, मायची जमीन गेली तर हिने काय वाचवलं म्हणून. पुढच्या खेपेला निवडून आले. जळगावच्या सभागृहात बसले, तिथेही मला लोकांनी विचारलं की तुम्ही आदिवासी म्हणून बोलताय की मुसलमान म्हणून. मी सांगितलं, सदस्य म्हणून.

लोक म्हणतात, बाई आता मवाळ झाल्या असतील. आता सगळे नमस्कार करतात, पुढची खुर्ची देतात. देऊ देत. मी काही विसरलेले नाही आणि कोणाला माफ केलेलं नाही. सात घरांची जमीन अजून त्यांच्याकडे आहे. संस्थेच्या नावावर आहे, केळी लागली आहे, ट्रक भरून जातात. ती फाईल मी दर सभेला काढते. दर सभेला ती तहकूब होते. विधानसभेला उभी राहीन, तिथेही काढीन. मी मेले तर माझी मुलगी काढेल, तिला मी कायद्याचं पुस्तक वाचायला बसवलं आहे. मला त्यांच्याकडून मान नको, ताट नको. मला ती जमीन हवी. सातही घरांची. बांधापासून बांधापर्यंत.